आठशे कोटींत आणखी एक?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या बाई ३४ वर्षांच्या आहेत, नोकरी करतात, मुलगी चार वर्षांची आहे. दुसरं मूल व्हावं असं त्यांना मनापासून वाटतं. पतींचा विरोध आहे, आणि तो पैशांवरून नाही. ‘जगात आठशे कोटी माणसं झाली, अर्ध्यांना धड खायला मिळत नाही, आणि आपण शिकलेली माणसं आणखी एक तोंड वाढवणार?’ असं ते म्हणतात. दीर नेमकं उलटं सांगतात: शिकलेल्यांनीच हात आखडता घेतला तर न शिकलेल्यांची संख्या वाढत जाईल, तेव्हा तुम्ही दोनच काय, तीन होऊ द्या. दोघंही आकडे फेकतात. बाई विचारतात, ‘दुसरं मूल हवंसं वाटणं हा माझा स्वार्थ आहे का? आणि आकडा कुणाचा खरा धरू?’

नमस्कार,

तुमच्या घरातला वाद मुलाचा कमी आणि गणिताचा जास्त झालेला दिसतो. म्हणून आधी गणितच पाहू. ते वाटतं तितकं अवघड नाही, आणि तुमच्या पतींनी काय किंवा दिरांनी काय, अर्धवटच मांडलं आहे.

पतींचा आठशे कोटींचा आकडा खरा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाने तो ओलांडला. १८०४ च्या सुमारास जगात शंभर कोटी माणसं होती. त्यांची दोनशे कोटी व्हायला १९२७ उजाडलं, आणि सातशेची आठशे व्हायला जेमतेम अकरा वर्षं लागली. नुसता हा आलेख पाहिला तर कुणाचीही छाती दडपेल. पण आलेखाची उंची दिसते, वेग दिसत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जगाची लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून थोड्या जास्त दराने वाढत होती. आज तो दर ०.९ टक्क्यांच्या आसपास आहे. ७० ला वाढीच्या दराने भागलं की दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं: दोन टक्क्यांना ३५ वर्षं, ०.९ टक्क्यांना ७७-७८. आणि दर अजून उतरतोच आहे, त्यामुळे ती दुप्पट बहुधा कधी होणारच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०८० च्या दशकात हजार कोटींच्या थोडं वर, १०३० कोटींच्या आसपास, शिखर गाठलं जाईल आणि मग आकडा हळूहळू खाली येऊ लागेल. अंदाज आहे, चुकू शकतो. पण मागच्या काही वर्षांत हे शिखर आधीच्या अंदाजांपेक्षा खाली आणि अलीकडे सरकलं आहे.

याहून बोलकी गोष्ट म्हणजे जगात दरवर्षी जन्मणाऱ्या बाळांची संख्या २०१२ च्या सुमारास सर्वाधिक होती. तेव्हापासून ती कमी होते आहे. मग माणसं वाढतात कशी? तीस वर्षांपूर्वी जन्मलेली मोठी पिढी आज आईबापांच्या वयात आहे. तिने प्रत्येकी दोनच मुलं होऊ दिली तरी जन्म पुष्कळ होतात, कारण जोडपीच पुष्कळ आहेत. उलट मरणाच्या वयाला पोचलेली पिढी जन्माला आली तेव्हा जगच लहान होतं, त्यामुळे मृत्यू कमी. हा फरक मिटायला चाळीस-पन्नास वर्षं जातात. आजची वाढ ही बरीचशी कालच्या जन्मांची थकबाकी आहे, आणि ती तुमच्या दुसऱ्या मुलाच्या नावावर टाकता येत नाही.

आता ‘एक तोंड वाढवणं’ याचा हिशोब. लोकसंख्या स्थिर राहायला बाईमागे सरासरी २.१ मुलं लागतात. नेमकी दोन का नाहीत? निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे पुढच्या पिढीत १०० आया हव्यात तर २०५ जन्म लागतात. शिवाय काही मुली आई होण्याच्या वयाआधीच दगावतात. बालमृत्यू जास्त असलेल्या ठिकाणी हाच आकडा अडीचच्या वर जातो. १९६० च्या दशकात जगाची सरासरी बाईमागे पाच मुलं होती, आता सव्वादोनच्या आसपास आहे. दोघांनी मिळून दोन मुलं वाढवली तर तुम्ही जगात भर घालत नाही, तुमच्या दोघांच्या जागा कशाबशा भरता. एका मुलावर थांबलात तर पुढची पिढी निम्मी. यातलं काहीही निवडा, पण ‘भर’ हा शब्द दोन मुलांना लागू होत नाही.

एक गोष्ट मात्र या वादांत सहसा कुणी मोजत नाही: मूल कितव्या वर्षी झालं. समजा प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं होतात आणि माणूस ८० वर्षं जगतो. आया सरासरी विसाव्या वर्षी बाळंत होत असतील तर एका वेळी चार पिढ्या जिवंत असतात. तिसाव्या वर्षी होत असतील तर पावणेतीनहून थोड्या कमी. मुलं दोन्हीकडे तितकीच, पण दुसऱ्या ठिकाणी माणसं तिसऱ्या हिश्शाने कमी. तुम्ही तिशीत आई झालात. तुमच्या पतींना हवा असलेला संयम तुमच्या घरात आधीच पाळला गेला आहे, फक्त त्याची कुणी नोंद घेतलेली नाही.

इथूनच शिक्षणाचा मुद्दा सुरू होतो, आणि दिरांचाही.

मुलगी शाळेत टिकली की मुलं कमी होतात, हे जवळजवळ सगळ्या देशांत दिसलं आहे. पण ‘शिकली की शहाणी होते, म्हणून कमी मुलं’ इतकं ते सरळ नाही. शाळा-कॉलेजची वर्षं लग्न आणि पहिलं बाळंतपण पुढे ढकलतात, हा सर्वांत ढोबळ परिणाम. दुसरा जास्त महत्त्वाचा: शिकलेल्या आईची मुलं जगतात. जुलाब लागलेल्या मुलाचं पाणी तोडायचं नाही, उलट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजत राहायचं (चमचा चहाचा, आणि मीठ जास्त पडलं तर अपाय होतो), एवढं ठाऊक असलं तरी पुष्कळ मुलं वाचतात. मुलं जगतील याची खात्री वाटली की ‘दोन गेली तरी दोन उरतील’ या हिशोबाने चार होऊ देण्याची गरज संपते. तिसरं, कमावणाऱ्या बाईच्या वेळेला किंमत येते. आणि चौथं, घरात तिला तोंड उघडता येतं.

यात फसतं कुठे, तेही सांगते. नुसत्या प्राथमिक शाळेने फार फरक पडत नाही. खरा उतार माध्यमिक शिक्षणानंतर लागतो. आणि मुली गळतात त्या नेमक्या त्याच टप्प्यावर, बारा ते पंधरा वर्षांच्या असताना: पुढची शाळा लांब असते, तिथे वापरण्याजोगं स्वच्छतागृह नसतं, घरात धाकटी भावंडं सांभाळायची असतात, नाहीतर लग्न ठरलेलं असतं. नाव पटावर असतं आणि मुलगी वर्गात नसते. शिवाय शाळा आहे पण गर्भनिरोधकं मिळत नाहीत, किंवा मिळतात पण त्यांच्या त्रासाबद्दल नीट बोलणारं कुणी नाही, तर इच्छा असूनही मुलं होत राहतात. आजही जगात दरवर्षी होणाऱ्या गर्भधारणांपैकी जवळजवळ निम्म्या ठरवून झालेल्या नसतात. लोकसंख्येची काळजी वाहणाऱ्या माणसाने रात्री जागायचं तर या आकड्यासाठी जागावं.

इराणमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बाईमागे सहाहून अधिक मुलं होती. वीसेक वर्षांत ती दोनच्या आसपास आली. मुलींच्या शाळा, गावोगावची आरोग्यघरं आणि लग्नाआधी कुटुंबनियोजनाचा वर्ग, एवढ्यावर. बांगलादेशात १९७० च्या दशकात साताच्या जवळ असलेली सरासरी दोन-सव्वादोनवर आली. तिथे महिला कार्यकर्त्या दारोदार जाऊन साधनं देत आणि शंका ऐकून घेत. ‘एक मूल’ सक्तीचं उदाहरण नेहमी चीनचं दिलं जातं, पण तिथली मोठी घसरण, पावणेसहाच्या आसपासून पावणेतीनपर्यंत, १९७० ते १९७८ मध्ये होऊन गेली होती. सक्ती १९८० ची.

म्हणून दिरांचं म्हणणं टिकत नाही. शिक्षण रक्तगटासारखं आईबापांकडून मुलात उतरत नाही. आज शिकलेल्या बहुतेकांच्या दोन-तीन पिढ्या मागे गेलं तर सही न येणारी पणजी सापडते. न शिकलेल्या आईची मुलगी शाळेत गेली, टिकली, की तिचं कुटुंब एकाच पिढीत तुमच्याएवढं होतं. ‘त्यांची’ संख्या वाढते या भीतीवर ‘आपली’ वाढवणं हा उपायच नव्हे. तिसरं मूल जन्माला घालायला लागणाऱ्या कष्टांच्या अंशभरात चार मुलींची दहावी होईल. आणि उलट टोकाचं भय पाहायचं असेल तर दक्षिण कोरिया पाहा: १९६० मध्ये बाईमागे सहा मुलं, २०२३ मध्ये ०.७२. तिथल्या सरकारने प्रोत्साहनावर भरपूर खर्च केला, पण कामाचे तास, घरांच्या किमती आणि घरकामाचा सगळा भार बाईवर ही तिढ्याची मुळं तशीच राहिली, आणि आकडा फारसा हलला नाही.

अन्नाचं काय? हाच तुमच्या पतींचा मुख्य मुद्दा आहे, आणि त्याला मोठी परंपरा आहे. १७९८ मध्ये इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसने मांडलं की माणसं गुणाकाराने वाढतात आणि अन्न बेरजेने. त्याच्या आधीच्या काळाचं वर्णन म्हणून ते बरंचसं बरोबर होतं. नंतर दोन गोष्टी बदलल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवेतला नायट्रोजन बांधून खत करण्याची हाबर-बॉश पद्धत आली (पहिला कारखाना १९१३ चा). आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचं अन्न त्या खतावर उभं आहे. नंतर अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग आणि इतरांनी बुटक्या गव्हाच्या जाती आणल्या. बुटक्या का? उंच ताटाला खत जास्त दिलं की ओंबी जड होते आणि पीक लोळतं. आखूड, जाड ताट ते ओझं पेलतं. बोरलॉग यांना १९७० चं शांततेचं नोबेल मिळालं ते यासाठी.

परिणाम असा: १९६१ मध्ये जगात सुमारे ८८ कोटी टन तृणधान्य पिकत होतं, आता २८० कोटी टनांच्या वर. माणसं त्या काळात अडीचपटीच्या थोडी वर गेली, धान्य तिपटीच्या वर. आजचं धान्य सारखं वाटलं तर माणशी वर्षाला ३५० किलो, म्हणजे रोज एक किलोला थोडं कमी. त्यातून तीन हजारांहून अधिक कॅलरी मिळतात, आणि यात कडधान्य, तेल, भाजी, फळं, दूध काहीच धरलेलं नाही. चार वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३०० कॅलरी लागतात.

मग माणसं उपाशी का? आधी आकडा सुधारून घेऊ: अर्धं जग उपाशी नाही. २०२४ मध्ये पोटभर कॅलरीही न मिळणारी माणसं सुमारे ६७ कोटी होती, बारांत एक. पौष्टिक, वैविध्याचा आहार परवडत नाही अशी मात्र तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. पतींच्या मनात कदाचित तो आकडा असेल. यातला कळीचा शब्द ‘परवडत’ हा आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांची मांडणी हीच: धान्य नाहीसं झालं म्हणून लाखो मेले असं नाही, भाव मजुरीच्या कितीतरी पुढे पळाले आणि मजूर, कोळी, कारागीर यांच्या हाती धान्य घेण्याची ताकदच उरली नाही. आज युद्ध, बेकारी आणि दुष्काळ हेच काम करतात. आणि पिकलेल्यापैकी पुष्कळसं माणसाच्या ताटात येतच नाही. तृणधान्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग जनावरांच्या खाद्यात जातो. कोंबडीचं वजन किलोभर वाढायला दोन किलोच्या आसपास खाद्य लागतं, धान्यावर पोसलेल्या गुराचं वाढायला सहा-सात किलो. शिवाय इंधनासाठीचं धान्य वेगळं, आणि काढणीपासून दुकानापर्यंत होणारी सुमारे १३ टक्के नासाडी वेगळी.

लोकसंख्येची काळजीच खोटी, असं मात्र समजू नका. जिथे वाढीचा दर अजून तीन टक्क्यांच्या वर आहे, उदाहरणार्थ आफ्रिकेतल्या नायजरमध्ये, तिथे २२-२३ वर्षांत सगळंच दुप्पट लागतं: वर्ग, दवाखाने, पाणी, धान्य. तितक्या वेगाने ते उभं राहत नाही, म्हणून मुली शाळेबाहेर राहतात, म्हणून लग्नं लवकर होतात, म्हणून दर उतरत नाही. हे चक्र खरं आहे. आणि धान्य तिप्पट झालं त्याचं बिलही आलं आहे: माणूस जे गोडं पाणी उपसतो त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं, कित्येक ठिकाणी भूजल भरतं त्याहून जास्त काढलं जातं, आणि दिलेल्या नायट्रोजनपैकी अर्ध्याच्या आसपास पीक न घेता नदीत किंवा हवेत जातो. तुमच्या पतींची काळजी रास्त आहे. फक्त ती चुकीच्या दारावर थाप मारते आहे.

ती योग्य दारावर न्यायची तर घरातूनही सुरुवात होते. घरांतून फेकल्या जाणाऱ्या अन्नाची जागतिक सरासरी माणशी वर्षाला ७९ किलो आहे. तिघांच्या घरात आठवड्याला साडेचार किलो. यात सालं-बियाही येतात, म्हणून दोन आठवडे दोन डबे ठेवा: एकात खाता आलं असतं असं, दुसऱ्यात सालं-देठं. रोज रात्री वजन करून लिहा. बहुतेक घरांत पहिला डबा दोनच कारणांनी भरतो, अंदाजापेक्षा जास्त शिजवलेलं आणि मागे सरकून विसरलेलं. दुसऱ्या आठवड्यापासून शिजवायचं माप आठवा हिस्सा कमी करून पाहा.

आता तुमचा प्रश्न. स्वार्थ? मूल हवं असण्याला दुसरं कुठलं चांगलं कारण असतं, हे मला ठाऊक नाही. जगासाठी कुणी मूल जन्माला घालू नये. जगासाठी नको म्हणतानाही जरा थांबून पाहावं. पतींना शांतपणे एकदा विचारा: ‘आपल्या दुसऱ्या मुलाने जगाला काडीचाही फरक पडणार नाही असं उद्या सिद्ध झालं, तर तुला ते हवं असेल का?’ ते ‘हो’ म्हणाले तर वरचं गणित त्यांच्यासमोर ठेवा. ‘तरी नको’ म्हणाले, तर अडचण जगाची नाही. ती थकव्याची असेल, पहिल्या वर्षाच्या आठवणीची, किंवा उरलासुरला वेळही जाईल या धास्तीची. ती कारणं कमी दर्जाची नाहीत. उलट तीच बोलण्यासारखी आहेत.

हाच प्रश्न स्वतःलाही विचारा. मुलगी एकटी पडेल म्हणून दुसरं हवं असेल, तर एकुलती मुलं अभ्यासात, स्वभावात किंवा मैत्रीत मागे पडतात असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. भावंडाने आनंद येतो, पण तो औषध म्हणून मागवता येत नाही. आणि मनाच्या कोपऱ्यात कुठे ‘या वेळी मुलगा’ असेल, तर ती शक्यता जेमतेम ५१ टक्के आहे. त्या अपेक्षेवर मूल होऊ देऊ नये.

बोलण्याआधी एक काम करा. आठवडाभर दोघांनी आपापले तास लिहून काढा: नोकरी, प्रवास, स्वयंपाक, मुलीचं आवरणं, झोप. मग त्याच कागदावर नवजात बाळ बसवून पाहा. ते चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं. रात्रीच्या वेळा कुणाच्या रकान्यात जातात, थोरलीला शाळेत कोण सोडणार, हे त्यात नावानिशी लिहा. ‘होईल काहीतरी’ असं जिथे लिहावंसं वाटेल, तिथे बहुधा तुमचंच नाव असतं.

ठरलं तर वेळ दवडू नका. एक बाळंतपण झालं की पुन्हा दिवस राहण्यात निदान दोन वर्षांचं अंतर हवं, ते तुमचं पूर्ण झालं आहे. प्रयत्न सुरू करण्याच्या तीन महिने आधीपासून, निदान एक महिना तरी, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्या आणि गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवा. बाळाचा मेंदू-मणका पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत घडायला लागलेला असतो, म्हणून हे आधीच सुरू करायचं. हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर, थायरॉइड तपासून घ्या, रुबेलाची लस झाली आहे का पाहा, नेहमीची औषधं डॉक्टरांना दाखवा. पस्तिशीनंतर सहा महिन्यांत दिवस गेले नाहीत तर तपासणी करावी. त्याआधीच्या वयात वर्षभर थांबतात.

नाही ठरलं, तर तेही अर्धवट सोडू नका. ‘नको’ म्हणून नशिबावर हवाला ठेवणारी जोडपी कमी नाहीत. अजून मन डळमळत असेल तर तांबी बसवून घ्या. ती दहा वर्षं चालते आणि हवी तेव्हा काढता येते. निर्णय पक्का असेल आणि पतींची तळमळ खरी असेल, तर पुरुष नसबंदी ही बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची आहे. चूक होते ती एका ठिकाणी: लोक लगेच निर्धास्त होतात. साधारण तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असं लेखी मिळेपर्यंत दुसरं साधन वापरावंच लागतं.

राहिले दीर. त्यांच्याशी आकड्यांवर वाद घालू नका. तासांचा तो कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि तिसऱ्या मुलाच्या जागरणात त्यांचं नाव कुठल्या वारी लिहायचं, तेवढं विचारा.